ढुंढिराजशास्त्र्यांचा पिवळा दिवा

ढुंढिराजशास्त्री मोघे यांच्या गाडीत तो पिवळा दिवा लागला, तेव्हा शास्त्रीबुवा जप करत होते. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की, पुढे अख्ख्या रामघाटावर जो तो म्हणू लागला, बुवांनी नक्की काहीतरी दाबलं असणार. बुवांनी काहीही दाबलं नव्हतं. त्यांचा उजवा हात गोमुखीत होता आणि डाव्या हाताने त्यांनी सीटची कड घट्ट धरून ठेवली होती, कारण गाडी चालत होती आणि चालत्या गाडीवर त्यांचा विश्वास नव्हता.

गाडी म्हणजे पिकअप. पुढे दोघातिघांना बसायची जागा, मागे उघडा हौदा, आणि एकंदर आकार असा की मैदागिनच्या चौकात ती वळायला लागली की रिक्षावाले आपापल्या घरच्यांची आठवण काढत. बुवांचा मुलगा विश्वेश याने ती मस्कतहून आणली होती. बनारसमध्ये राहून धंदा करणार होता. धंदा कसला हे लोकांना नीट कळायच्या आत धंदाच बसला, विश्वेश पुन्हा मस्कतला गेला, सून हिमानी नात रुचीच्या शाळेसाठी नागपूरला माहेरी राहिली आणि गाडी उरली बुवांकडे. म्हणजे तशी बुवांकडे नाहीच. रामघाटाच्या गल्लीत समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला पाठ लावायची आणि बैल आला तर दोघांनी, तिथे पिकअप कुठून येणार? ती उभी असायची मैदागिनच्या एका धर्मशाळेच्या आवारात, आणि दर सोमवारी मुन्नन मिस्त्री तिला फिरवून आणायचा, कारण विश्वेशने जाताना बजावलं होतं, "बाबा, गाडी उभी राहू देऊ नका, खराब होते." बुवांना हे माणसांच्या बाबतीत माहीत होतं, गाडीच्या बाबतीत नवीन होतं.

आता या गाडीचं स्टिअरिंगचं चाक डावीकडे होतं, जसं तिकडच्या देशांत असतं. त्यामुळे मुन्नन डावीकडे बसायचा आणि बुवा उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे. कपाळाला भस्म, हात गोमुखीत, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, आणि गाडी मैदागिनच्या गर्दीतून सरकते आहे, असं दृश्य दर सोमवारी दिसायचं. नवखा यात्रेकरू हात जोडायचा. एकदा एका म्हातारीने काचेतून आत झेंडूचा हार टाकला होता. बुवांनी तो काढून मुन्ननच्या गळ्यात घातला, तेव्हा ती रागावली.

तर त्या सोमवारी जप संपवून बुवांनी डोळे उघडले आणि मुन्ननच्या समोर, काट्यांच्या शेजारी, एक पिवळा ठिपका त्यांना दिसला.

"मुन्नन, यह क्या जल रहा है?"

मुन्ननने मान तिरकी करून पाहिलं. "बत्ती है, गुरूजी।"

"वह तो दीख रहा है। पर क्यों जल रही है?"

"बत्ती जलेगी नहीं तो और क्या करेगी?" मुन्नन म्हणाला आणि एका सांडाला वाट देण्यासाठी गाडी थांबवली. मुन्ननने आयुष्यभर जीपगाड्या दुरुस्त केल्या होत्या. जीपमध्ये असले प्रश्न विचारणारे दिवे नसतात.

बुवा घरी आले. घरी आले म्हणजे कुलूप काढून आत गेले. इंदूताई जाऊन काही वर्षं झाली होती. पाठशाळेतून निवृत्त झाल्यापासून ज्योतिषगणित शिकायलाही कोणी येईना, कारण आता पंचांग छापील मिळतं आणि ग्रहणाची वेळ रेडिओवर सांगतात. सकाळी गंगेवर स्नान, संकठादेवीचं दर्शन, एक वेळचा स्वयंपाक, आणि मग दिवसभर बोलायला कोणी नाही. घर खायला उठायचं. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी दुपारी, मस्कतला सुट्टी असते म्हणून विश्वेशचा फोन यायचा. बुवा जेवण उरकून आधीपासूनच फोनपाशी स्टूल ओढून बसायचे. फोन असा असायचा:

"बाबा, बरे आहात ना?"

"हो."

"गोळ्या घेता?"

"घेतो."

"जेवण?"

"झालं."

"बरं, ठेवतो मग."

बापलेकांचं भांडण नव्हतं. प्रेमही कमी नव्हतं. फक्त बोलायला विषय नव्हता. इंदूताई होत्या तेव्हा त्या बोलायच्या आणि हे दोघे ऐकायचे. त्या गेल्यावर ऐकणारे दोघे उरले. बुवा फोन ठेवून थोडा वेळ तसेच बसून राहायचे आणि मग पुढच्या शुक्रवारी काय बोलावं याचा विचार करायचे. सुचायचं पुष्कळ. पण "बरं, ठेवतो" त्याच्या आधी यायचं.

त्या शुक्रवारी मात्र "जेवण?" आणि "झालं" यानंतर बुवांच्या तोंडून निघून गेलं, "गाडीत एक पिवळा दिवा लागलाय."

"कुठला दिवा? काही लिहिलंय त्याच्यावर?"

"इंग्रजीत लिहिलंय, चेक इंजिन."

"अरे वा!" विश्वेश ओरडलाच.

"म्हणजे चांगलं आहे का?"

"छे, वाईट आहे. पण बाबा, मजा आहे त्यात. ऐका." आणि मग विश्वेश जो बोलायला लागला तो लहानपणी शाळेतून आल्यावर बोलायचा तसा. गाडीत एक छोटा कंप्यूटर असतो. इंजिनात काही बिघडलं की त्याला कळतं. पण तो बोलू शकत नाही, म्हणून नंबराने सांगतो. चाकाच्या खाली, गुडघ्यापाशी, एक भोकाभोकांची पट्टी आहे. तिच्या वरच्या ओळीतली उजवीकडची शेवटची दोन भोकं तारेने जोडायची. किल्ली फिरवायची, पण इंजिन चालू करायचं नाही. मग तो दिवा लुकलुकायला लागतो. "जितक्या वेळा लुकलुकेल तो एक आकडा. मग जरा थांबेल. मग पुन्हा लुकलुकेल, तो दुसरा आकडा. दोन्ही मिळून नंबर झाला. तो मला सांगा, माझ्याकडे पुस्तक आहे, मी बघून..." इथे लाइन कटली.

बुवांनी फोन ठेवला आणि त्यांच्या लक्षात आलं की आज आपला कान गरम झालाय. इतका वेळ फोन कानाला लागलेला त्यांना आठवत नव्हता. त्यांना फार बरं वाटलं. गाडी बिघडली आहे याचं वाईट वाटायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं.

पण रामघाटावर कुठली गोष्ट एकट्याची राहते? संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली. शेजारच्या शरदिनीकाकू मेतकूट-भात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, पिवळा दिवा म्हणजे गुरू. गुरूची पीडा आहे. चण्याची डाळ दान करा." वासुदेवभट म्हणाले, "पिवळा कसला? मी खिडकीतून डोकावून बघून आलो. चांगला नारिंगी आहे. मंगळ आहे तो." यावर दोघांचं वाजलं. ज्योतिषाचा अधिकार बुवांचा असल्याने निवाडा त्यांनी करायचा होता, आणि बुवा म्हणाले की हा ग्रह नसून कंप्यूटर आहे. त्यामुळे दोन्ही पक्ष नाराज झाले. कोपऱ्यावरचा पानवाला तर आणखी पुढे गेला. "शास्त्रीजी, बल्ब निकलवा दीजिए। दिखेगा ही नहीं तो चिंता किस बात की?" बुवांना हा विचार वेदान्ताच्या फार जवळचा वाटला, पण विश्वेशला पुढच्या शुक्रवारी काय सांगायचं?

आता भोकं जोडायला तार हवी. घरात तार नव्हती. बुवांनी सगळे खण उपसले, आणि शेवटी इंदूताईंच्या कुंकवाच्या डब्यात केसांना लावायचा एक आकडा सापडला. तो पट्टीत बसेल असा बरोबर होता. बुवा तो हातात घेऊन थोडे थांबले. मग म्हणाले, "विश्वेशच्या कामाला लागतोय," आणि जानव्याला अडकवून निघाले.

धर्मशाळेच्या आवारात लख्ख ऊन होतं. दिवा लुकलुकत होता की नव्हता, काहीच कळेना. बुवा परत घरी आले, जाड लोकरी धाबळी घेऊन गेले, आणि चाकाच्या बाजूला बसून डोक्यावरून धाबळी घेतली, ती पार काट्यांच्या फळीवर ओढली. आत अंधार झाला. आकडा लावला. किल्ली फिरवली. आणि दिवा खरोखरच लुकलुकू लागला.

एक. थांबला. दोन. मग पुष्कळ थांबला. पुन्हा एक, थांबला, दोन. असं तीनदा.

मग दोन. थांबला. चार. हेही तीनदा. आणि मग पुन्हा ते एक आणि दोन.

बुवा बोटांच्या पेरांवर मोजत होते. त्यांचा आनंद गगनात मावेना. कारण ही भाषा त्यांच्या ओळखीची निघाली! ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत आकडे आकड्यांनी सांगत नाहीत, शब्दांनी सांगतात. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार. आणि क्रम ठरलेला: आधी एकंस्थान, मग दहंस्थान. आकडे उजवीकडून डावीकडे चालतात. जन्मभर बुवांनी हेच शिकवलं होतं आणि उलटं वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचे कान पिळले होते. तेव्हा नेत्र आधी आणि वेद नंतर, म्हणजे दोन एकंस्थानी आणि चार दहंस्थानी. बेचाळीस. यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

आणि ते सुरुवातीचं चंद्र-नेत्र? ते बुवांच्या हिशेबाने एकवीस झालं. पण ते तीनदा आधी येतं आणि शेवटीही येतं, म्हणजे ते मंगलाचरण. कुठल्याही ग्रंथाच्या आरंभी मंगलाचरण असतंच, त्यात विषय नसतो. गाडी बनवणारे लोक इतके सुसंस्कृत असतील असं बुवांना वाटलं नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

धाबळी काढली तेव्हा गाडीभोवती बरीच माणसं जमली होती. धाबळीच्या आत चाललेला मंत्राचा आवाज त्यांनी ऐकला होता. तो मंत्र नसून "नेत्र, वेद, नेत्र, वेद" होतं, पण हे त्यांना कोण सांगणार? बॉनेटवर कुणीतरी चंदनाचा टिळा लावून ठेवला होता.

शुक्रवारी विश्वेशने पहिला प्रश्न विचारला तो गोळ्यांचा नव्हता. "बाबा, नंबर?"

"बेचाळीस."

पानांचा आवाज आला. "बेचाळीस, बेचाळीस... सापडलं. ठिणगीची वेळ. इंजिनात ठिणगी पडते ना, ती वेळेवर पडत नाहीये. बाबा, कमाल केलीत तुम्ही! इथले मेकॅनिकसुद्धा धड वाचत नाहीत."

बुवा त्या रात्री उशिरापर्यंत मनाशी हसत राहिले. ज्याने बापाचं गणित कधी कामाला येईल असं मानलं नव्हतं, त्याने कमाल केलीत म्हटलं होतं.

मुन्ननला निदान सांगितलं. "टाइमिंग?" तो म्हणाला. "टाइमिंग तो हम कान से मिला देंगे, गुरूजी।" त्याने बॉनेट उघडलं, कान लावला, आणि चांगली चालू असलेली ठिणगीची डबी उघडली. डबीच्या आतून आणखी एक डबी निघाली. तिच्यातून तारा निघाल्या. मुन्ननने त्या काढल्या, पुसल्या आणि जिथे बसतील असं त्याला वाटलं तिथे बसवल्या. मग किल्ली फिरवली. आजवर एका हाकेला ओ देणारी गाडी नुसती खोकली. दुसऱ्यांदा खोकलीही नाही.

"अब?" बुवांनी विचारलं.

"अब बीमारी पकड़ में आ गई," मुन्नन समाधानाने म्हणाला. "पहले तो चल रही थी, पता कैसे चलता?"

यापुढचे काही शुक्रवार बुवांच्या आयुष्यात मोठे सुखाचे गेले, आणि हे म्हणताना त्यांनाच शरम वाटायची. गाडी मेलेली, पण फोन जिवंत. विश्वेश विचारायचा, बुवा सांगायचे. विश्वेश सुचवायचा, मुन्नन भलतंच करायचा. बुवा तेही रंगवून सांगायचे. आठवडाभर बुवा फोनसाठी माल गोळा करत. पुन्हा पुन्हा धाबळी घेऊन बसत आणि पुन्हा पुन्हा बेचाळीसच येई. मध्येच विश्वेश सांगून जायचा, आज मी खिचडी केली. रुचीचा दात पडला म्हणे, हिमानीने कळवलं. इथे सुट्टीच्या दिवशी करमत नाही हो बाबा. हे शेवटचं तो घाईघाईने म्हणाला आणि लगेच कार्बनचा विषय काढला.

मग लग्नसराई आली. धर्मशाळेच्या मुनीमजींनी सांगितलं की उद्या वरात उतरणार, आवारात मांडव पडणार, गाडी हलवा. बुवा म्हणाले, गाडी चालत नाही. मुनीमजी म्हणाले, वरात तर चालत येणारच आहे. तेव्हा मुन्नन, त्याचे दोन भाऊ आणि कोपऱ्यावरचा पानवाला यांनी गाडी मागून ढकलायची आणि पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी लावायची असं ठरलं. चाक धरायला मुन्नन डावीकडे बसला असता, पण मग ढकलायला ताकद कमी पडली. म्हणून मुन्ननने खिडकीतून हात घालून चाक धरलं आणि चालत चालत ढकलू लागला. बुवांना उजवीकडे बसवलं. बुवांनी आपल्या सवयीने डोळे मिटून जप सुरू केला.

चौकातल्या शिपायाला दिसलं ते असं: अवाढव्य गाडी, इंजिनाचा आवाज नाही, आणि ड्रायव्हरच्या जागी डोळे मिटलेले एक पंडितजी. त्याने शिट्टी फुंकली.

"महाराज, लाइसेंस दिखाइए।"

"हमारे पास लाइसेंस नहीं है," बुवा खरं ते बोलले.

"बिना लाइसेंस चला रहे हैं?"

"हम चला ही नहीं रहे।"

"तो कौन चला रहा है?"

"कोई नहीं चला रहा। यह चलती ही नहीं।"

"चल तो रही है!"

न्यायशास्त्रातला हा फार बारीक मुद्दा आहे, आणि एरवी बुवांनी शिपायाला तो समजावून दिला असता. पण मागे रिक्षा अडल्या होत्या, वरातीचा बँड येऊन ठेपला होता आणि बघ्यांपैकी कोणीतरी ओरडलं, "महाराज मंतर से चलावत हउअन!" झालं. मैदागिनच्या चौकात हशा पिकला. चौकीत नेऊन दरोग्याने गाडी कोणाची विचारलं. मुलाची. मुलगा कुठे? मस्कतला. मग मुलाला घेऊन या. "वही तो मुश्किल है," बुवा म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज असा काही झाला की दरोग्याने मान खाली घातली, चहा मागवला आणि गाडी बाजूला लावून जायला सांगितलं.

गल्लीत मात्र ही गोष्ट पुढे पळत आली होती. ज्या माणसाला पाठशाळेत पाहून पोरं उभी राहायची, त्याच्याकडे बघून आता बायका पदराआड हसत होत्या. वासुदेवभट म्हणाले, "ढुंढिराजपंत, तुम्हाला चौकीत नेलं म्हणे?" बुवा सरळ घरात गेले आणि कडी लावली.

शुक्रवारी विश्वेशला सगळं कळलेलं होतं. शरदिनीकाकूंनी नागपूरला हिमानीला कळवलं होतं आणि तिने मस्कतला. तो हसला नाही. "बाबा, चुकलं माझं," तो म्हणाला. "या वयात तुमच्या गळ्यात ही धोंड बांधली. विकून टाकू. मुगलसरायचा एक जण आहे, तो जशी आहे तशी घेईल."

बुवांना म्हणायचं होतं, नको. म्हणायचं होतं, अरे, त्या गाडीमुळे तर तू बोलतोस. पण असलं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "बरं."

"गोळ्या घेता?"

"घेतो."

"जेवण?"

"झालं."

फोन ठेवल्यावर बुवा बराच वेळ खिडकीतून गंगेकडे बघत बसले. एक नाव अमृतराव घाटाकडे चालली होती, तिच्यात एक बाप आपल्या मुलाला हात करकरून काहीतरी दाखवत होता. बुवांना फार एकटं वाटलं. गाडी जाईल याचं दुःख त्यांना नव्हतं. पुन्हा ते तीन प्रश्न आणि तीन उत्तरं येणार याची त्यांना धास्ती वाटली.

मध्ये एकदा विश्वेशचा अवेळी फोन आला. घेणाऱ्याला दोष काय तो सांगायला हवा, तेव्हा शेवटचं एकदा नंबर वाचून ठेवा. बुवा धाबळी घेऊन गेले. या खेपेला त्यांनी काहीच गाळायचं नाही असं ठरवलं. पहिल्या लुकलुकीपासून शेवटच्या लुकलुकीपर्यंत सगळं सांगायचं, तेवढाच फोन लांबेल.

शुक्रवारी त्यांनी सावकाश सुरुवात केली. "तर किल्ली फिरवली. आधी मंगलाचरण झालं. एकवीस, तीनदा."

"काय झालं?"

"मंगलाचरण. ते आधी येतंच. एकवीस. मी तुला ते कधी सांगितलं नाही, त्यात विषय नसतो."

मस्कतकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मग विश्वेश हळूच म्हणाला, "बाबा, एकवीस कसं येईल? सुरुवातीला बारा येतं. जगात कुठेही ही गाडी असो, आधी तीनदा बारा."

"इथे एकवीस येतं."

"आधी किती वेळा लुकलुकतो?"

"एक वेळा."

"मग?"

"दोन वेळा."

"अहो, मग ते बारा झालं!"

"बारा कसं होईल?" बुवा तडकले. "आधी एकं, मग दहं. चंद्र एकंस्थानी, नेत्र दहंस्थानी. एकवीस. एवढं तुला लहानपणी शिकवलंय मी!"

आणि मग विश्वेश हसायला लागला. आधी दाबून, मग मोकळं, मग इतकं की त्याला खोकला आला. "बाबा... बाबा, तुम्ही गाडीला... आर्यभटासारखं..." त्याला पुढे बोलता येईना.

"यात हसण्यासारखं काय आहे? त्यांनी उलटं सांगितलं, त्याला मी काय करू?" बुवा म्हणाले. पण पोराचं हे हसणं त्यांनी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. ते ऐकता ऐकता त्यांचा राग कधी गेला हे त्यांना कळलं नाही, आणि तेही हसू लागले. शरदिनीकाकू काय झालं म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या. फोनवर दोघेही काही न बोलता नुसते हसत होते.

बेचाळीस नव्हतं, चोवीस होतं. चोवीस म्हणजे गाडी किती वेगाने चालली आहे याची खबर कंप्यूटरला पोचत नाही. ठिणगीची डबी बिचारी पहिल्यापासून निर्दोष होती. मुन्ननला हे सांगितल्यावर त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "हाँ, काँटा तो कब से जीरो पर है, गुरूजी।"

"फिर बताया क्यों नहीं?"

"मैदागिन में किस गाड़ी का काँटा हिलता है?"

बुवा स्वतः त्या काट्यासमोर धाबळी घेऊन इतके दिवस बसले होते. डबी पुन्हा जशीच्या तशी बसवायला मुन्ननला बराच घाम गाळावा लागला. विश्वेश फोनवरून तारांचा क्रम सांगायचा, बुवा तो उजवीकडून की डावीकडून हे दोन-दोनदा विचारून घ्यायचे. गाडी सुरू झाली. गाडीखाली उंदरांनी कुरतडलेली एक तार सापडली, ती जोडली. मुन्ननने गाडी शहराबाहेर सारनाथच्या रस्त्याला काढली, आणि काटा उठला. बुवांनी त्या दिवशी जप केला नाही. काट्याकडे बघत बसले. दिवा विझला होता. मुगलसरायवाल्याला विश्वेशने नाही म्हणून कळवलं. गल्लीत शरदिनीकाकूंनी सांगून टाकलं की चण्याच्या डाळीने गुण आला, आणि वासुदेवभट त्यांच्याशी बोलेनासे झाले.

शुक्रवार आला. बुवा फोनपाशी बसले. घंटा वाजली.

"बाबा, दिवा?"

"विझला."

"काटा?"

"हलतो."

"वा!"

"हो."

मग दोघांनाही काही सुचेना. तारेतून नुसती घूं घूं ऐकू येत होती. बुवा खोटं बोलू शकले असते. पुन्हा लागला म्हणाले असते तर कोण तपासायला येणार होतं? पण जन्मभरात ते खोटं बोलले नव्हते आणि आता शिकायचं वय नव्हतं.

"गोळ्या घेता?"

"घेतो."

"जेवण?"

"झालं."

बुवांनी "ठेवतो" ऐकायची तयारी केली. ते आलं नाही. पलीकडच्या घरात दुसऱ्या कोणाचाच आवाज नव्हता, ताटवाटीचाही नाही.

"बाबा."

"हं?"

"माझ्या इथल्या गाडीत पण दिवा लागलाय."

"कुठला?"

"तोच. पिवळा."

"कधी लागला?"

"आत्ता. आत्ताच."

"तू आहेस कुठे?"

"घरात."

"आणि गाडी?"

"गाडी खाली आहे. रस्त्यावर."

न्याय, ज्योतिष, प्रमाण, अनुमान, सगळं बुवांना येत होतं, आणि त्यातलं काहीही त्यांना या क्षणी वापरायचं नव्हतं. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि भिंतीला पाठ टेकून नीट बसले.

"बरं," ते म्हणाले. "घाई करू नकोस. आधी किती वेळा लुकलुकला, ते सांग."